दूरच्या आगगाडीच्या प्रवासाची शिफारस करावी काय ?

शाळेचे निकाल लागले म्हणजे पालकांचे प्रश्न सुरू होतात. मुलाला कोणत्या कॉलेजांत घालावें हा प्रश्न हल्लीं शिक्षकाकडे फारसा येत नाहीं. तें मुलें मोबाइलवर पाहून आपणच ठरवितात. परंतु प्रवेश पुण्यास किंवा मुंबईस मिळाला आणि जाण्याचा दिवस जवळ आला, कीं बाप शाळेच्या व्हरांड्यांत येऊन विचारतो, "सर, पोराला आगगाडीनें पाठवूं कीं रात्रीच्या ट्रॅव्हल्सनें ? तुमचें काय म्हणणें ?" आई कांहीं बोलत नाहीं, पण उत्तर ऐकण्यासाठीं तीही उभी असते. हा प्रश्न वर्षानुवर्षें कानांवर येत असल्यामुळें त्याचा थोडा सविस्तर विचार या वार्षिकांत करावा असें मनांत आलें.

प्रथम एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. मला आगगाडी आवडते असें म्हणणें निराळें, व तूं आगगाडीनें जा असें दुसऱ्यास सांगणें निराळें. पहिल्यांत आपल्या रुचीचें वर्णन आहे. दुसऱ्यांत आपल्या शब्दावर विसंबून दुसऱ्यानें घराबाहेर पाऊल टाकावयाचें असतें. शिफारस करणारा घरीं निजतो आणि जागरण दुसऱ्यास घडतें. म्हणून आगगाडी चांगली कीं वाईट, असा मोघम प्रश्न घेऊन चालणार नाहीं. कोणी जावयाचें, कोठें जावयाचें, कोणत्या डब्यांतून जावयाचें, हें विचारल्यावांचून उत्तर देणें म्हणजे नाडी न पाहतां औषध देणें होय.

नागपूरपर्यंतच्या प्रवासाचा येथें विचार नाहीं. तें अंतर साठ किलोमीटरांच्या आसपास. तेथें बसनें जा, गाडीनें जा, दोन्ही सारखेंच. विचार आहे तो नागपूरच्या पलीकडचा. आपल्या भंडारा रोड स्टेशनापासून मुंबई सुमारें ९०० किलोमीटर आहे, आणि उलट दिशेस हावडा हजार किलोमीटरांच्याही पुढें. या दोन टोकांच्या मधोमध आपण बसलों आहों, आणि तेंही आजकालचें नव्हे. नागपूरपासून राजनांदगांवापर्यंतचा मीटर रुंदीचा लोहमार्ग १८८२ च्या सुमारास पुरा झाला. १८८७ सालीं बंगाल नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली. तिनें तो आपल्याकडे घेऊन रुंद केला. आणि १९०० सालीं हावड्याशीं त्याचा सांधा जुळून मुंबई ते कलकत्ता हा थेट मार्ग आपल्या धानाच्या बांध्यांमधून वाहूं लागला. १ मे १९९९ रोजीं गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत गोंदियाचें मोठें जंक्शनही आपल्याच जिल्ह्यांत मोडत असे. तेव्हां आगगाडी ही आपल्याकडे नवी पाहुणी नाहीं; चार-पांच पिढ्यांची ओळख आहे.

आतां आईच्या मनांतील प्रश्न अगोदर घेऊं, कारण तो ती विचारीत नाहीं. पोर सुखरूप पोहोंचेल ना ?

अपघात दोन्ही वाटांवर होतात. २०२३ सालच्या जून महिन्याच्या २ तारखेस ओडिशांतील बहानगा बाजार स्टेशनाजवळ तीन गाड्यांचा भयंकर अपघात होऊन २९० हून अधिक माणसें दगावलीं. त्यानंतर एक महिनाही लोटला नव्हता, तोंच १ जुलै रोजीं मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्यास निघालेली एक खासगी बस समृद्धि महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली, आणि २५ उतारू आंतल्या आंत जळून मेले. आपल्या मुलांची जी वाट, नेमकी तीच ती वाट होती. या दोन बातम्या शेजारीं शेजारीं ठेवल्या तर आगगाडीच अधिक भयंकर वाटेल, कारण तिचा आंकडा मोठा. परंतु रस्त्यावरचे मृत्यू एकेक-दोनदोन करून होतात व वर्तमानपत्राच्या आंतल्या पानावर जातात, म्हणून ते मोजले जात नाहींत. २०२२ या एका वर्षांत भारतांतील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें अपघातांत मरण पावलीं, असें केंद्र सरकारच्या रस्तेवाहतूक खात्यानेंच नमूद केलें आहे. रोजचा हिशेब केला तर साडेचारशेंहून अधिक होतात. बहानगासारखा अपघात रस्त्यावर दररोज घडतो आणि उरतो, फक्त तो देशभर विखुरलेला असतो.

यांत यंत्राचा वांटा मोठा आहे. बसचा चालक रात्रभर एकटा जागतो. त्याची एक डुलकी म्हणजे चाळीस माणसांचें दैव. आगगाडीच्या चालकासोबत सहायक असतो, वाट रुळांनीं आंखून दिलेली असते, आणि पुढें जावें कीं थांबावें हें सिग्नल सांगतो. चाकाची पोलादी धांव किंचित निमुळती घडविलेली असते. तिच्यामुळें चाक रुळाच्या मध्याकडे आपोआप ओढलें जातें, आणि पोलादावर पोलाद फिरत असल्यामुळें घर्षणही थोडें होतें. म्हणूनच हजारों मण वजन एवढ्या थोड्या जोरानें चालतें व निजलेल्या माणसाला पाळण्यासारखा हेलकावा मिळतो. परंतु याच गुणाची दुसरी बाजू अशी, कीं भरधांव गाडी चटकन थांबत नाहीं. ब्रेक दाबल्यावरही ती एक किलोमीटरपर्यंत पुढें जाऊं शकते.

हें शेवटचें वाक्य विद्यार्थ्यांनीं विशेष लक्षांत ठेवावें. २२ जानेवारी २०२५ रोजीं जळगांव व पाचोरा यांच्या दरम्यान पुष्पक एक्सप्रेसच्या एका डब्यांत आग लागल्याची आवई उठली. सांखळी ओढली गेली. सांखळी ओढली म्हणजे ब्रेकच्या नळींतील दाबलेली हवा बाहेर पडते आणि ब्रेक चाकांना धरतात, गाडी थांबली. येथपर्यंत सर्व ठीक होतें. पण घाबरलेले उतारू शेजारच्या रुळांवर उतरले, आणि त्याच रुळांवरून कर्नाटक एक्सप्रेस आली. बारा-तेरा जीव गेले. आग कोठेंच नव्हती. आपल्या जिल्ह्यांतून मुंबईस जाणारी प्रत्येक गाडी याच रुळांवरून जाते. म्हणून मुलाला निरोप देतांना खाऊच्या डब्याबरोबर एवढी सूचनाही द्यावी कीं, कांहींही झालें तरी शेजारच्या रुळाच्या बाजूस उतरूं नये. रेल्वेच्या मृत्यूंपैकीं पुष्कळसे गाडीच्या बाहेर, दारांत लोंबकळतांना आणि रूळ ओलांडतांनाच होतात. जागेवर बसलेल्या माणसाला त्यांचें भय नसतें.

सुरक्षिततेचें एवढें पुरे. केवळ जिवंत पोहोंचणें हाच प्रवासाचा हेतु असता, तर हा लेख येथेंच थांबला असता.

गोंदियाहून निघून कोल्हापुरास जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. हिची थट्टा करण्याची चाल आहे; ती किती स्टेशनांवर थांबते हें मोजूं नये असें म्हणतात. तेराशें किलोमीटरांहून लांब असा हा मार्ग, एक अहोरात्र संपूर्ण होऊन वर आणखी कांहीं तास, आणि गाडी राज्याची सीमा एकदांही ओलांडीत नाहीं. एका राज्याच्या पोटांतल्या पोटांत एवढें चालणारी गाडी देशांत क्वचितच सांपडेल. ज्याला घाई आहे त्यास ही गाडी मी सांगणार नाहीं. परंतु ज्या मुलानें महाराष्ट्राचा नकाशा केवळ परीक्षेपुरता रंगविला आहे, त्यानें जन्मांत एकदां तरी या गाडीच्या खिडकीशीं बसावें असें माझें स्पष्ट मत आहे.

नद्यांचेंच पाहा. तिरोडा सोडल्यावर तुमसर येण्यापूर्वीं गाडी वैनगंगा ओलांडते. ती आपली, तिचें पाणी पिऊन आपण वाढलों. नागपूर मागें पडतें, धानाच्या बांध्या व बोड्या संपतात, संत्र्यांच्या बागा दिसतात न दिसतात तोंच काळी कपाशीची जमीन लागते आणि पुलगांवास वर्धा नदी येते. या दोन नद्या पुढें दक्षिणेस एकत्र होऊन प्राणहिता होतात व सिरोंच्याजवळ गोदावरीस मिळतात, हें भूगोलाच्या पुस्तकांत आहे. गाडी मात्र अकोला, भुसावळ, जळगांव असें केळींच्या मुलखांतून जाऊन मनमाडास दक्षिणेकडे वळते, आणि कोपरगांवाजवळ उतारूला एक रुंद पात्र दिसतें. तीच ती गोदावरी. आपल्या वैनगंगेला भेटण्यापूर्वींची, शेंकडों किलोमीटर वरची. पुस्तकांतील रेघ आणि खिडकींतील पाणी यांची गांठ अशी पडते. पुढें अहमदनगर, ज्यास आतां अहिल्यानगर म्हणतात, तेथील उघडा कोरडा माळ, मग दौंडाजवळ भीमा, पुणें, साताऱ्याचे डोंगर, मिरजेच्या पुढें कृष्णा, आणि शेवटीं ऊंस. पावसाचें मान कोठें किती, हें कोष्टक पाठ करण्यापेक्षां खिडकींतून शेतें पाहिल्यास अधिक लवकर समजतें.

बोलीही अशीच बदलत जाते. आपल्या झाडीपट्टींतील बोलणें वर्ध्यापलीकडे वऱ्हाडी होतें, जळगांवास चढणारी बाई मुलाला अहिराणींत रागें भरते, आणि कराडच्या पुढें चढणारा माणूस जें बोलतो तें आपल्या मुलाला पहिल्यानें भांडणच वाटतें. सर्व मराठीच. आपली बोली ऐकून कोणी हंसला, तर महाराष्ट्राच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रत्येकाची बोली दुसऱ्याला हंसण्याजोगी वाटते हें ज्यानें एकदां ऐकलें आहे, तो मुलगा पुण्याच्या वसतिगृहांत खाली मान घालून बसत नाहीं. आमच्या मुलांपुढील ही अडचण खरी आहे. तिच्यावर रात्रीच्या बसचा पडदा ओढून निजल्यानें उपाय होत नाहीं.

परंतु पालकांचें भय वेगळ्याच ठिकाणीं असतें. डब्यांत बारा गांवचीं माणसें. कोण कसा, कोणी सांगावें? हें भय पोकळ नाहीं. आपल्याच लोहमार्गावरील एक गोष्ट सांगतों. १८९३ सालीं नारायण वामन टिळक हे नोकरीच्या शोधांत नागपूरहून राजनांदगांवास आगगाडीनें चालले होते. म्हणजे ज्या रुळांवर भंडारा रोड व तुमसर रोड हीं स्टेशनें आहेत, त्याच रुळांवरून. डब्यांत अर्नेस्ट वॉर्ड नांवाचे मिशनरी गृहस्थ होते. अनोळखी माणसांचें बोलणें सुरू झालें, काव्यावरून धर्मावर आलें, आणि उतरण्यापूर्वीं त्या गृहस्थांनीं टिळकांच्या हातीं बायबल दिलें. फेब्रुवारी १८९५ मध्यें मुंबईस टिळकांनीं बाप्तिस्मा घेतला. मराठी ख्रिस्ती समाजांत ही गोष्ट आनंदानें सांगितली जाते, आणि मलाही ती प्रिय आहे. पण त्याच गोष्टीची दुसरी बाजू लक्ष्मीबाई टिळकांनीं लिहून ठेवली आहे. १९३४ पासून भागाभागानें प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'स्मृतिचित्रें' या पुस्तकांत नवऱ्याच्या त्या निर्णयानें घर कसें मोडलें, आणि किती वर्षें त्यांना नवऱ्यापासून दूर काढावीं लागलीं, हें कोणत्याही प्रकारचा आव न आणतां सांगितलें आहे. कोणत्याही धर्माच्या वाचकानें तें वाचावें.

ही गोष्ट येथें आणण्याचें कारण इतकेंच कीं, दूरचा प्रवास माणसाला जसा होता तसा परत आणून देईल अशी हमी कोणासही देतां येत नाहीं. जो बाप मुलाला दूर पाठवितो त्यानें हें आधींच मनाशीं समजून असावें. चोर-भामट्यांपासून जपण्याच्या युक्त्या सांगतां येतात: अनोळखी माणसानें दिलेला चहा-बिस्कीट घेऊं नये, गाडी मंदावली असतां खिडकीशीं मोबाइल धरूं नये, सामानाला सांखळी-कुलूप घालावें, अडचण येतांच १३९ या क्रमांकावर कळवावें. मुलगी एकटी जात असेल तर रेल्वे सुरक्षा दलानें २०२० सालीं सुरू केलेल्या 'मेरी सहेली' या व्यवस्थेची माहिती तिला द्यावी. पण चांगल्या माणसाच्या चांगल्या बोलण्यापासून जपण्याची युक्ति नाहीं, आणि असूं नये. हल्लीं तर उलटच भय वाटतें. सहा जणांच्या खणांत सहा मोबाइल, आणि वर्ध्यापासून कल्याणपर्यंत कोणी कोणाला गांव कोणतें एवढेंही विचारीत नाहीं.

आतां डब्याचा प्रश्न. येथें शिफारस करणाऱ्याची खरी परीक्षा आहे. वातानुकूलित डब्यांत पांढऱ्या चादरीवर निजून आलेला माणूस 'आगगाडीसारखें सुख नाहीं' असें म्हणतो, तें ऐकून दुसरा जनरल डब्याचें तिकीट काढतो. दोघांचे रूळ एकच, पण प्रवास एक नव्हे.

गांधींनीं १९०९ सालच्या 'हिंद स्वराज्या'त रेल्वेवर कठोर टीका केली होती. तरी आफ्रिकेहून परतल्यावर ते तिसऱ्या वर्गानेंच हिंडले, आणि १९१७ सालीं त्या वर्गाच्या हालांवर त्यांनीं एक छोटा निबंध लिहिला. त्यांत मुंबई ते मद्रास अशा दोन रात्रींच्या प्रवासाचा हिशेब आहे. २२ उतारूंच्या डब्यांत एके वेळीं ३५ माणसें झालीं होतीं. कोणी खालच्या घाणींत निजले, कोणी उभेच राहिले. आज आपण हा निबंध वाचतों व इतिहास म्हणून बाजूस ठेवतों. पण सणाच्या दिवसांत आपल्याच स्टेशनावर थांबलेल्या गाडीचा जनरल डबा बाहेरून पाहावा. त्यांतील बरेंच वर्णन अद्याप शिळें झालेलें नाहीं.

तिसरा वर्ग १९७४ सालीं कागदोपत्रीं संपला. पण नांव बदलून पाठीला लागणारें लाकूड मऊ होत नसतें. तें मऊ केलें तें मधु दंडवते यांनीं. नगर येथें जन्मलेले हे गृहस्थ १९७७ मध्यें रेल्वेमंत्री झाले, आणि दुसऱ्या वर्गाच्या उघड्या लाकडी फळ्यांवर दोन इंच जाडीची गादी बसविण्याचें काम त्यांनीं हातीं घेतलें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली. सर्व डबे एकाच वर्गाचे, श्रीमंत-गरीब असा भेद नाहीं. ती आपल्याच मार्गावरून धांवली. गादीचें श्रेय लहान समजूं नये. दोन इंचांनीं किती कोटि पाठींना रात्र सुसह्य झाली याचा अंदाज करणें कठीण आहे.

माझा निर्णय असा आहे. स्लीपर किंवा त्यावरच्या वर्गांत नक्की जागा मिळालेली असेल, तर मुंबई, पुणें, कोल्हापूर, हावडा, कोठेंही जाणाऱ्या निरोगी माणसास मी आगगाडीच सांगेन. स्लीपरचें भाडें बहुधा खासगी बसपेक्षां कमीच पडतें. जनरल डब्यांतून रात्रीचा प्रवास मात्र मी कोणासही सांगणार नाहीं. विद्यार्थ्यास तर नाहींच. आपल्या खेड्यांतून कामासाठीं परप्रांतीं जाणारे मजूर त्याच डब्यांतून जातात हें खरें. पण त्यांना कोणी शिफारस केलेली नसते, आणि ते विचारावयासही येत नाहींत. त्यांच्यासाठीं तो डबा काय आहे हें २०२० सालीं दिसलें. मार्च महिन्यांत साथीमुळें उतारूंच्या गाड्या बंद झाल्या, आणि माणसें पायीं निघालीं. ८ मेच्या पहांटे जालन्याहून गाडीच्या आशेनें भुसावळकडे चालत निघालेले १६ मजूर करमाडजवळ थकून रुळांवर निजले असतां मालगाडीखालीं सांपडले. गाड्याच बंद आहेत, मग या रुळांवर काय येणार, अशी त्यांची समजूत झाली असावी. ज्या डब्याची शिफारस करूं नये असें मी म्हणतों, त्या डब्यावांचून कित्येकांचें घरच दूर होतें, हें विसरून त्या डब्याला नांवें ठेवण्याचा अधिकार कोणास नाहीं.

नक्की जागा मिळवावयाची तर आधीं हालचाल केली पाहिजे. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ तिकीट साठ दिवसच आधीं मिळतें. पूर्वीं ती मुदत १२० दिवस होती. म्हणजे कॉलेज उघडण्याची तारीख कळतांच त्या दिवशींच बसून तिकीट काढावें. 'आर. ए. सी.' असें तिकिटावर आलें तर घाबरूं नये. बसण्यापुरती जागा नक्की असते, एका बाजूच्या बाकावर दोघांनीं मिळून रात्र काढावी लागते, आणि पुष्कळदां वाटेंत पुरी जागाही मिळते. 'वेटिंग' असेल तर मात्र तिकीट असूनही स्लीपरमध्यें चढूं नये. तो हक्क नाहीं, आणि चढल्यावर होणारी मानहानि मुलाच्या मनांत बरीच वर्षें राहते.

एक गोष्ट मात्र कोणीही शिफारस करतांना सांगत नाहीं, आणि आपल्या जिल्ह्याला ती सर्वांत जास्त लागू आहे. स्टेशनाच्या नांवापुढें 'रोड' असला म्हणजे त्याचा अर्थ, गांव येथें नाहीं, गांवाकडे जाणारा रस्ता येथें आहे. नाशिक रोड घ्या, सातारा रोड घ्या. भंडारा रोड स्टेशन वरठीस आहे व भंडारा तेथून सुमारें दहा किलोमीटर; तुमसर रोड देव्हाडीस आहे. लोहमार्ग आंखणाऱ्यांनीं आपली सरळ रेघ पाहिली, गांव वळसा घालून यावें अशी त्यांची अपेक्षा. नऊशें किलोमीटर सुखानें आलेला उतारू शेवटच्या दहांत रडकुंडीस येतो तो यामुळेंच. आपल्या मार्गावर कोळसा व पोलाद नेणाऱ्या मालगाड्यांची दाटी फार. उतारूंच्या गाड्या तासन् तास रखडतात, आणि दिवसा यावयाची गाडी रात्रीं येते. मध्यरात्रीं रिक्षा मिळेलच असें नाहीं.

हें केवळ गैरसोयीचें प्रकरण नव्हे. १९०१ सालीं भीमराव आंबेडकर नांवाचा नऊ-दहा वर्षांचा मुलगा घरच्या मुलांबरोबर साताऱ्याहून वडिलांकडे गोरेगांवास निघाला. आज महाराष्ट्र एक्सप्रेस ज्या मार्गानें साताऱ्याहून कराडकडे जाते, त्याच मार्गावरील मसूर स्टेशनावर मुलें उतरलीं. आगगाडीनें आपलें काम चोख केलें होतें. तिकीट घेतलें, पोहोंचविलें. पण येण्याचें पत्र वडिलांना मिळालेलें नव्हतें, त्यामुळें न्यावयास कोणी आलें नाहीं. मुलांची जात कळतांच स्टेशन-मास्तरांचा सूर बदलला, गाडीवाले बैलगाडी देईनात. शेवटीं दुप्पट भाडें देऊन मुलांनीं स्वतः गाडी हांकावी या अटीवर एक जण तयार झाला. ती रात्र मुलांनीं पाण्यावांचून काढली. पुढें डॉ. आंबेडकरांनीं हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे. रुळांवर असेपर्यंत तीं उतारू होतीं; फलाटावर पाऊल टाकतांच तीं कोण आहेत हें विचारलें गेलें. तेव्हां दूरच्या प्रवासाची शिफारस करणारानें पलीकडच्या फलाटावर कोण उभें राहणार, हें प्रथम विचारावें. पुण्यांत आपला कोणी माजी विद्यार्थी आहे काय, कॉलेजांतील कोणी न्यावयास येईल काय, हें कळल्यावांचून सतरा वर्षांच्या मुलाला रात्रीं पोहोंचणाऱ्या गाडीनें पाठवूं नये. दुसरी गाडी पाहावी, किंवा बापानें एकदां बरोबर जावें.

कांहींना आगगाडी सांगूंच नये. नुकतीच शस्त्रक्रिया झालेला माणूस, हृदयाचा ताजा रोगी, दिवस भरत आलेली स्त्री, यांना नाहीं. वर्ध्यापासून बडनेऱ्यापर्यंतच पाऊणशेंहून अधिक किलोमीटर आहेत. मध्यें कांहीं झालें तर डॉक्टर पुढच्या मोठ्या स्टेशनावरच भेटावयाचा. गुडघे धरलेल्या वृद्धांस खालची जागा मिळाली असेल तरच सांगावी. साठीच्या पुढील उतारूंची वयें तिकीट काढतांना बरोबर लिहिलीं तर ती मिळण्याचा बराच संभव असतो. वृद्धांना भाड्यांत मिळणारी सवलत मार्च २०२० मध्यें बंद करण्यांत आली. जुन्या आठवणीवर विसंबून पैशांचा हिशेब करूं नये. आणि ज्याला दुसऱ्या दिवशीं सकाळीं दहा वाजतां मुलाखतीस हजर राहावयाचें आहे, त्यास त्याच सकाळीं पोहोंचणारी गाडी सांगणें हा त्याच्याशीं वैरभाव आहे. त्यानें एक दिवस आधीं निघावें.

बाहेरगांवाहून आपल्याकडे येणारांसही आपण शिफारस करतोंच. सुट्टींत मुलें मित्रांना घेऊन येतात, लग्नासाठीं पाहुणे येतात. त्यांना कळवितांना तिकीट भंडारा रोडचें काढा, गाडी वरठीस थांबते, गांव तेथून दहा किलोमीटर आहे, आणि न्यावयास कोण येणार त्याचें नांव व फोन, एवढें सर्व एकाच निरोपांत लिहावें. न्यावयास जाणारानें निघण्यापूर्वीं गाडी कोठपर्यंत आली हें १३९ वर विचारून घ्यावें, आणि बरोबर एक घोंगडी किंवा शाल असूं द्यावी. पौषांतल्या पहांटे वरठीचा फलाट फार गार असतो.